टिकलीखालचं कपाळ

चौसाळ्यात हमरस्त्याला लागून आमचं कटलरीचं दुकान होतं. कटलरी म्हणजे काटे-चमचे नव्हेत. आमच्या भागात या शब्दात बांगड्या, कंगवे, रिबिनी, पिना, पावडर, आरसे आणि टिकल्या येतात. इंग्रजी शब्दाला हा अर्थ कुणी दिला ते मला कुठल्याही कोशात सापडलेलं नाही, पण देणाऱ्याला गिऱ्हाईक बरोबर कळलं होतं.

नव्वदीनंतरच्या वर्षांत देशाची दारं उघडली असं वर्तमानपत्रं सांगत होती. आमच्या दुकानाचं दार पूर्वीसारखंच सकाळी उघडायचं आणि रात्री फळ्या लावून बंद व्हायचं. बदल झाला तो सेल्समनमध्ये. पूर्वी तो एस.टी.तून खोकं घेऊन उतरायचा आणि चहा मागून घ्यायचा. आता तो टेम्पोतून यायला लागला, गळ्यात टाय बांधायला लागला आणि चहा नको म्हणायला लागला. त्याच्याबरोबर शाम्पू पुडीत आला, गोरं करणारं क्रीम पुडीत आलं, आणि एका उन्हाळ्यात क्लेन्झिंग मिल्कच्या बाटल्या आल्या.

आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, बाटली उलटसुलट करून पाहिली. हे कशासाठी, असं विचारलं. मेकअप काढण्यासाठी, असं सेल्समन म्हणाला. इथे मेकअप करतं कोण, असं आप्पांनी विचारलं. त्यावर तो म्हणाला, करतील. अर्थशास्त्र हा माझा बी.ए.चा विषय होता, पण त्या वर्षांबद्दल इतकं थोडक्यात मला कुठल्याच प्राध्यापकांनी सांगितलं नाही.

बाटल्या दर्शनी फळीवर मांडल्या गेल्या आणि तिथेच राहिल्या. नेकनूरच्या एका बाईंनी हौसेने एक नेली होती. दुसऱ्या बाजाराला त्यांनी ती परत आणून काउंटरवर ठेवली आणि फेसच येत न्हाई, अशी तक्रार केली. त्यांचं चूक नव्हतं. आमच्याकडे बोअरचं पाणी इतकं जड की त्यात डाळ शिजायला दुपार होते आणि साबण अंगावर पांढरा थर होऊन बसतो. अशा पाण्यात ज्याला फेस येईल तो साबण चांगला, एवढं एकच माप लोकांकडे होतं. आता माझ्या मुलीच्या टेबलावर मायसेलर वॉटर नावाची बाटली असते. दिसायला पाणीच. कापसावर घ्यायचं, तोंड पुसायचं, आणि नंतर धुतलं नाही तरी चालतं. जड पाण्याच्याच कुठल्याशा गावात लोकांनी हे शोधून काढलं म्हणे. आमचं गाव त्यांना आधी लागलं असतं तर बरं झालं असतं.

दुकान खऱ्या अर्थाने चालायचं ते आक्कामुळे. आक्का माझी मोठी बहीण. बारावीनंतर तिने स्वतःहून शिक्षण सोडलं आणि काउंटरमागच्या स्टुलावर बसली. मी रोज एस.टी.ने बीडला कॉलेजला जायचे, वाचनालयातून पुस्तकं आणायचे आणि घरात हुशार समजली जायचे. आक्का पुस्तक हातात घ्यायची नाही, पण दुकानात पाऊल टाकणारी बाई काय घेणार आणि काय नुसतं हाताळून जाणार, हे ती चपला काढायच्या पद्धतीवरून सांगायची.

त्या काळात मेणावर पिंजर लावणाऱ्या बायका हळूहळू चिकटवायच्या टिकल्यांकडे वळत होत्या. मखमली टिकल्या, चंद्रकोरी, खड्याच्या, नागमोडी. आक्का दर दोन-चार दिवसांनी एक वेगळी लावून बसायची. बायका पाकिटांकडे बघायच्याच नाहीत. थेट तिच्या कपाळाकडे बोट करून म्हणायच्या, ही द्या. तिचं कपाळ म्हणजे आमच्या दुकानाचं शोकेस होतं आणि त्याला भाडं पडत नव्हतं.

एक नियम मात्र आप्पांनी कडक पाळला होता. विकाऊ माल घरात वापरायचा नाही. घरात यायचा तो उन्हाने रंग उडालेला, पाकीट फाटलेला, गिऱ्हाइकाने परत केलेला. टिकल्यांची पाकिटं दाराशी दोरीला टांगलेली असत आणि बीड जिल्ह्यातलं ऊन त्यांच्यावर दिवसभर पडत असे. डिंक सुकायचा. मग आक्का टिकल्यांसाठी मिळणाऱ्या डिंकाच्या छोट्या बाटलीतला एक थेंब पाठीमागे लावायची आणि टिकली पुन्हा उभी करायची. अशी टिकली एकदा काढली की दुसऱ्यांदा बसत नाही, म्हणून ती रात्रीही कपाळावरच ठेवायची. सकाळी तोंड धुताना कपाळाचा मधला भाग तेवढा वगळायचा. आमचं घर शंकराला मानणारं. अंघोळ झाली की सगळ्यांच्या कपाळाला विभूती. आक्का विभूतीचे तीन पट्टे टिकली न हलवता तिच्या वरच्या बाजूला ओढायची. काटकसर आणि भक्ती दोन्ही एकाच कपाळावर मावत होत्या.

आधी तिथे खाज सुटली. आई म्हणाली उष्णता, आणि चंदन उगाळून दिलं. मग कातडी लाल झाली, मग फिकी, आणि एका दुपारी टिकली बदलताना मला तिच्याखाली पांढरा डाग दिसला. हुबेहूब टिकलीएवढा, कडा कातरल्यासारखी साफ. आईने तो पाहिला आणि दार लावून घेतलं. पांढऱ्या डागाला आमच्याकडे एकच नाव आहे, आणि ज्या घरात लग्नाची मुलगी आहे तिथे ते नाव घेत नाहीत. डाग झाकायला आईने एक नंबर मोठी टिकली दिली. मोठ्या टिकलीला जास्त डिंक. डाग वाढला की टिकली वाढायची आणि टिकली वाढली की डाग वाढायचा. पावसाळा संपेपर्यंत आक्काच्या कपाळावर एखाद्या सासुरवाशिणीला शोभेल एवढी टिकली आली होती आणि बायका तीसुद्धा कौतुकाने विकत घेत होत्या.

शेवटी आम्ही तिघी बीडला कातडीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी भिंगातून पाहिलं, काय काय लावता ते विचारलं, आणि कंटाळल्यासारखं सांगितलं की हे कोड नाही. टिकलीच्या डिंकाने तिथला रंग गेला आहे, असे पेशंट आता वरचेवर येतात. टिकली पूर्ण बंद. काही महिने कुंकूही नको. कपाळ साधं धुवायचं आणि मोकळं ठेवायचं. रंग हळूहळू परत येईल, पूर्ण येईलच असं सांगता येत नाही. आईने विचारलं, मोकळं म्हणजे? ते म्हणाले, मोकळं म्हणजे मोकळं.

परतीच्या गाडीत आई तिकिटाची घडी घालत राहिली. मांजरसुंब्याचा घाट आल्यावर म्हणाली, "त्या डॉक्टरला लेकी न्हाईत वाटतं."

कोड नाही हे ऐकून आम्हाला हायसं वाटायला हवं होतं. पण डॉक्टरांनी दिलेला उपाय आजारापेक्षा जास्त दिसणारा होता. आमच्याकडे मोकळ्या कपाळाची बाई दारात उभी दिसली की बघणारा आधी तिच्या गळ्यात काही आहे का ते बघतो. लग्न न झालेल्या मुलीचं कपाळ तसं दिसलं तर म्हाताऱ्या बायका तिथेच थांबवून कुंकू लावतात. त्यातून पाटोद्याचं स्थळ सांगून आलं होतं. मुलाचं शेतीच्या अवजारांचं दुकान, घर आमच्यासारखंच शंकराचं, मागणी काही नाही. मुलाला आई नव्हती, आत्याने वाढवलेला. अडचण एवढीच की पाहायला मुलाचे मामाही येणार होते, आणि मामा तालुक्याचे पुढारी होते.

आई आणि आप्पांनी असं ठरवलं की त्या दिवसापुरता डाग झाकायचा. कुणी विचारलंच तर खरं सांगायचं. दिसलंच नाही तर विचारील कोण, असं मी म्हटलं. त्यावर आईने मला चहाचे कप धुवायला पाठवलं. टिकली मात्र तिनेच काढून टाकली, डॉक्टरांचा मान म्हणून. टिकलीच्या जागी रंग लावायचा, आणि त्यावर ओल्या कुंकवाचं बोट टेकवायचं, असा तोडगा निघाला. रंग लावायला बीडच्या एका पार्लरवाल्या बाईंना बोलावलं. असं घरी बोलावणं चौसाळ्यात तेव्हा नवीन होतं. त्या लोखंडी कोपऱ्यांची पेटी घेऊन आल्या आणि शेजारच्या तीन घरच्या बायका हळदीला जमतात तशा दारात जमल्या.

त्यांनी आक्काला खिडकीपाशी बसवून काम सुरू केलं. काम चांगलं होतं, हे मान्य करायला हवं. कांडीसारखा एक रंग त्यांनी डागावर बोटाने थापला, वर दुसरा, वर पावडर, आणि बघता बघता डाग गेला. मग त्याच्याशी जुळायला कपाळ रंगवलं, कपाळाशी जुळायला गाल, गालांशी जुळायला हनुवटी. मान तेवढी आक्काची स्वतःची राहिली. तिचा रंग गव्हाळ. चेहरा मात्र दोन घरं पलीकडच्या कुणाचा तरी वाटत होता. दारातल्या बायका म्हणाल्या, बाहुलीवानी दिसायली. आक्का आरशात बघत होती.

जाताना बाईंनी आमच्याच फळीवरची क्लेन्झिंग मिल्कची एक बाटली उचलून तिच्या हातात दिली आणि पुसायचं कसं ते समजावलं. साबणाने हे निघत नाही, इथल्या पाण्यात तर नाहीच. नुसतं लिबलिबीत होतं. कापसावर हे घ्यायचं, कपाळावर मधून बाहेर, गालावर खालून वर, डोळ्यांवर दाबून थोडा वेळ धरायचं आणि मग एकदाच ओढायचं. घासायचं नाही. रात्री न विसरता पुसायचं, नाहीतर तोंडाला पुळ्या येतात. आक्काने लक्ष देऊन ऐकलं. दुकानात नवीन माल आला की ती असंच ऐकायची.

दुपारी पाहुणे आले. जीपमधून मामा उतरले, पांढरे कडक कपडे, मागे चार जण. मुलगी पाहायला चार कार्यकर्ते कशाला लागतात हे मला समजलं नाही, पण ते आले आणि सतरंजीवर पुढच्या रांगेत बसले. मुलगा मागे कोपऱ्यात. वीज नव्हती. मामा एकाला म्हणाले, "ए बे, लाईटवाल्याला फोन लाव." आमच्याकडे फोन नव्हता. तो माणूस तरीही उठला आणि फोन लावायला गेल्यासारखा बाहेर जाऊन उभा राहिला. तोवर मामांनी घराणं, प्रतिष्ठा आणि आमच्या तालुक्यातला रखडलेला रस्ता या तिन्हींवर थोडं थोडं सांगितलं. आप्पा प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. आत्या बायकांच्या बाजूला भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि पदराने वारा घेत होत्या.

मी आत आक्काला बोलवायला गेले. तिने मला आत ओढलं आणि कडी लावली. हातात कापूस होता.

मी म्हटलं, "आक्का, लोक बसलेत बाहेर."

"बसू दे की. मी कुठं पळून चालले?" ती म्हणाली. "घाम आलाय. आरसा धर."

मला वाटलं घाम टिपते आहे. तिने बाटली कापसावर उपडी केली आणि कपाळाच्या मधोमध ठेवली. मी तिचा हात धरला. एवढी सगळ्यांनी खटपट केली, आईला काय वाटेल, नंतर सांगता येईल, एकदा ठरू दे, असं मला सुचेल ते सगळं मी बोलले. मी बरीच पुस्तकं वाचली होती आणि त्या क्षणी त्यांतलं एकही वाक्य कामाला आलं नाही.

तिने हात सोडवून घेतला. "रोज रात्री हे पुसावंच लागंल ना? लगीन झाल्यावर कवातरी कपाळ मोकळं होनारच. मग ते म्हनतील फसवलं. आन बरोबरच म्हनतील. मी दुकानात बसते. फुटकी बांगडी चांगल्यांखाली लपवून दिली तर बाई दुसऱ्यांदा येत न्हाई."

मग ती पुसत बसली. मधून बाहेर, खालून वर, डोळ्यांवर दाबून. बाईंनी सांगितलं होतं अगदी तसं, घाई न करता. कापसावर गुलाबी आणि तपकिरी रंग उतरत होता आणि खालून तिचा चेहरा वर येत होता, थोडा ओशट, थोडा लालसर. शेवटी डाग आला. मी कुंकवाची डबी पुढे केली. तिने ती बाजूला ठेवली, पदर घेतला आणि कडी काढली.

ती बाहेर आली तेव्हा आधी बायकांना दिसलं. आईच्या हातातली पोह्यांची बशी तशीच राहिली. मामा त्या रखडलेल्या रस्त्याबद्दल बोलत होते, तेही थांबले. मोकळं कपाळ आणि त्यावर मधोमध पांढरा गोल, खोलीतल्या अंधारातही दिसत होता. आक्का सतरंजीवर बसली नाही. उभ्या उभ्या, दुकानात भाव सांगतात तशा आवाजात तिने सांगितलं की हे टिकलीच्या डिंकाने झालंय, बीडच्या डॉक्टरांनी कोड नाही म्हणून सांगितलंय, रंग परत येईल पण पूर्ण येईल असं ते म्हणालेले नाहीत, आणि सकाळी डाग रंगाने झाकला होता, तो रंग आत्ता तिने पुसलाय.

मग आत्या उठल्या. आक्काचा दंड धरून त्यांनी तिला दाराच्या उजेडात नेलं, तांब्यातल्या पाण्यात पदराचं टोक बुडवलं आणि डागावर घासून पाहिलं.

"निघत न्हाई," त्या म्हणाल्या.

"निघायला तिथं रंगच न्हाई, आत्याबाई. गेलाय."

मामांनी घसा साफ केला. ते आक्काशी बोलले नाहीत, आप्पांकडे वळले. "म्हंजे आप्पा, तुमच्याच दुकानातल्या टिकलीनं का?"

त्यांच्या माणसांतला एक जण हसला. आप्पांचा चेहरा मला आजही दिसतो. बसस्टँडवर उद्या काय बोललं जाईल ते त्यांना तिथेच ऐकू आलं असणार. ते म्हणाले, "हो. माझ्याच दुकानातल्या."

पोहे कुणी खाल्ले नाहीत. चहा घेतला, कारण तो गार झाला तर अपमान झाला असता. मुलगा जाताना जीपमध्ये शेवटी चढला. घरात त्या संध्याकाळी आई रडली आणि आप्पा फळ्या लावेपर्यंत दुकानातच बसून राहिले. आक्काने सगळे कप धुतले.

आठवडाभराने मध्यस्थाकडून पाटोद्याचा निरोप आला. मुलगी नापसंत नाही, डाग भरला की कळवा. निरोपाची भाषा मामांची होती, एखादं काम झाल्यावर अर्ज करा म्हणतात तशी. आप्पांना त्यात आशा दिसली. ते म्हणाले, वर्षभर थांबू, भरला की मी स्वतः जाऊन सांगतो.

आक्का म्हणाली, "भरला तरी कळवायचं न्हाई."

आप्पांनी का म्हणून विचारलं. ती म्हणाली, "डाग बघून जमत न्हाई म्हनले असते तर मी काई म्हनले नसते. भरल्यावर जमंल म्हंजे उद्या दुसरीकडं डाग आला तर परत आणून सोडतील."

आप्पांना ते पटलं असं मी म्हणणार नाही, पण नंतर त्यांनी पाटोद्याचं नाव घरात काढलं नाही.

मोकळ्या कपाळाचा प्रश्न आईने सोडवला. डॉक्टरांना पुन्हा विचारायला गेली तेव्हा तिने त्यांना थेट विचारलं की विभूती चालेल का. त्यांनी राख चालेल म्हणून सांगितलं. विभूतीला राख म्हटल्याबद्दल आईने त्यांना मनातल्या मनात माफ केलं आणि दुसऱ्या दिवसापासून आक्का कपाळभर विभूती लावून काउंटरवर बसायला लागली. तरुण मुलगी, टिकली नाही, कुंकू नाही, नुसती विभूती. गावात बोललं गेलं की कटलरीवाल्यांच्या पोरीचं लग्न मोडलं आणि ती आता मठात जाणार. एक म्हाताऱ्या बाई तर दुकानात येऊन तिच्या पाया पडून गेल्या. आक्काने त्यांना कंगवा विकला.

टिकल्यांचा खप काही दिवस पडला. शोकेस बंद झालं होतं. पण आक्का गप्प बसणारी नव्हती. टिकली घ्यायला आलेल्या बाईला ती विभूती पुसून डाग दाखवायची. आप्पा मागून खाकरायचे. ती लक्ष द्यायची नाही. टिकली घ्या, पण रात्री काढून ठेवा, वरून डिंक लावू नका, कपाळ सोडून तोंड धुऊ नका, आणि डिंकाचा चिकटा राहिला तर साबणाने खरवडू नका, हे कापसावर घेऊन पुसा, असं ती सांगायची आणि फळीवरची बाटली पुढे करायची. त्या बाटल्यांवर तोवर धुळीचा थर बसला होता. तो पुसायला लागला, आणि पुढच्या खेपेला सेल्समनकडून आणखी मागवाव्या लागल्या. त्याने विचारलं, इथे मेकअप सुरू झाला का? आप्पांनी सांगितलं, नाही. गावातल्या आरशांवर मात्र फरक दिसायला लागला. कुणाच्याही घरी गेलं तरी आरशाच्या कडेला टिकल्यांची ओळ चिकटवलेली असायची, रात्री काढून ठेवलेल्या.

संक्रांत होऊन थंडी ओसरायला लागल्यावर एका बाजारच्या दिवशी पाटोद्याच्या आत्या एकट्याच एस.टी.ने आल्या. जीप नाही, मामा नाहीत. मी दुकानात होते. त्यांनी आधी बांगड्या काढायला लावल्या, भाव करून घेतले, हिरव्या घेतल्या, मनगटावर चढवल्या. मग पाणी मागितलं. मग म्हणाल्या, "बघू गं पोरी."

आक्काने ओला फडका घेतला आणि विभूती पुसली. रंग बराच आला होता. कडेला एक बारीक फिकी रेघ होती, उजेडात कपाळ फिरवलं की दिसायची.

"अजून हाय थोडा," आत्या म्हणाल्या.

"ऱ्हाईल बी. डॉक्टर म्हनले तसं."

आत्या म्हणाल्या, "तुमी कळवलं न्हाई."

"न्हाई."

आत्यांनी बांगड्या सारख्या केल्या. "पोरगं दुसरी बघायला तयार न्हाई. दोन ठिकानी नेलं तर तोंड धुवून या म्हनला त्या पोरींना. मामाला लाज आली. मी म्हनलं जाते अन् इचारते."

आक्का हसली. त्या वर्षात तिला मी इतकं हसताना पाहिलं नव्हतं. मग तिने फडका बाजूला ठेवला आणि विचारलं की लग्नानंतर दुकानात बसू देतील का. आत्या म्हणाल्या, त्याच्या दुकानात नांगराचे फाळ असतात, टिकल्या नाहीत. फाळही शिकते, असं आक्का म्हणाली. आप्पा तोवर गिऱ्हाइकाला रिबीन मोजून देत होते. ती त्यांनी दोनदा मोजली.

लग्न चौसाळ्यातच झालं, मांडवात, वैशाखात. आक्काची एकच अट होती, पार्लरवाल्या बाई नकोत. आईने तिला हळद लावली, सकाळी तोंड धुतलं, विभूती आणि वर कुंकू, बस्स. मामांनी अक्षतांच्या आधी भाषण केलं, त्यात वधूच्या प्रामाणिकपणाचा उल्लेख होता, आणि तो गुण त्यांनीच शोधून काढल्यासारखा होता. आप्पांनी टाळ्या वाजवल्या.

त्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट पुढे बरीच वर्षं आमच्याकडे होती. व्हिडिओवाल्याची तक्रार होती की नवरीला पावडर नसल्याने हॅलोजनच्या उजेडात चेहरा उठत नाही. त्याचं खरं आहे. स्टेजवर सगळ्यात सावळी ती दिसते. तिच्या शेजारी मामी, चुलत नणंदा, मुलाकडच्या बायका, सगळ्या त्या नव्या रीतीप्रमाणे रंगवून आलेल्या, आणि हॅलोजनखाली सगळ्यांना घाम सुटलेला. पण कुणी हात वर नेत नाही. रंग निघेल म्हणून सगळ्या हनुवटी वर करून ताठ बसल्या आहेत आणि घाम कानाच्या बाजूने खाली येतो आहे. मधे आक्का पदराने चेहरा खसाखसा पुसते, कपाळ, गाल, मान, सगळं, आणि पदर खाली टाकून पुढच्या माणसाचा आहेर घेते.